लसणाला सडका वास आणि रिपोर्ट नॉर्मल : कोरोनानंतरच्या नसांच्या त्रासाबद्दल बोलायचंय (सोलापूर)

चटणीवाली_वैजू

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितेच.

मी सोलापुरात घरून शेंगा चटणी करून विकते. सासूबाईंचा धंदा, त्यांच्याकडून माझ्याकडे आला. दाणे लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायचे, सालं पाखडायची, मग लसूण, जिरं, मीठ, तिखट घालून तेल सुटेपर्यंत उखळात कुटायचं. कढई कधी उतरवायची ते घड्याळावर कळत नाही, नाकाला कळतं. दाण्याला आधी कच्चा वास असतो, मग गोडसर खमंग येतो, आणि त्यानंतर अर्ध्या मिनिटात करपट. त्या मधल्या वासावर आमचं घर चालतं.

एप्रिल २०२१ मध्ये घरात सगळ्यांनाच कोरोना झाला. मला ताप दोन दिवस, ऑक्सिजन ९७ च्या खाली गेला नाही. पाचव्या दिवशी सकाळी चहा प्याले तर नुसतं गोड गरम पाणी. आलं ठेचून घातलं होतं, त्याचा पत्ता नाही. उठून हिंगाची डबी उघडली, नाक आत घातलं. काहीच नाही. हिंगाच्या डबीतून काही येत नाही तेव्हा पोटात कसा खड्डा पडतो, ते ज्याला झालंय त्यालाच कळेल.

दीड महिन्यानं परत कढई चढवली. शेजारच्या काकू "अगं वैजू, काय जळतंय?" म्हणत धावत आत आल्या. मी कढईसमोरच उभी होते, हातात उलथनं. चार किलो दाणे कोळसा झाले होते.

जुलैत वास परत यायला लागला आणि तो काळ त्याहून वाईट गेला. लसूण सोलला की सडक्या मांसाचा वास. कांदा परतला की जळकं रबर. आणि भाजलेले दाणे, ज्यांच्यावर आमचं पोट, त्यांना तुंबलेल्या गटाराचा वास. मला स्वयंपाकघरात उभं राहवत नव्हतं. भात-दही आणि काकडी एवढंच पोटात ठरायचं. सात किलो वजन उतरलं. एका डॉक्टरांनी सीटी स्कॅन केला, नॉर्मल आला. म्हणाले, "मनातून काढून टाका, ताण आहे." मग घरीही तेच वाक्य सुरू झालं. पुढे पुढे मलाही ते खरं वाटायला लागलं.

याला पॅरॉस्मिया नावाचा आजार म्हणतात हे मला वर्षभरानं कळलं. आता मी बरीच सुधारलेय, कशी ते पुढे लिहीन. पण चटणी घ्यायला येणारी माणसं अजून हळूच सांगतात, "ताई, मलापण तसंच होतंय," कुणी "पायाला मुंग्या येतात," कुणी "डोकं चालत नाही." प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच. म्हणून हा धागा. जाणकारांनी नीट समजावून सांगावं. ज्यांना झालंय त्यांनी न लाजता लिहावं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे आजार नाही असं नसतं, हे मला २०२१ मध्ये कुणीतरी सांगायला हवं होतं.

कंबरतलाव

वैजूताई, फार चांगला धागा. मी फिजिशियन आहे, शाळा-कॉलेज सोलापुरातच झालं. तुमच्या नाकाचं काय झालं तेवढं आधी सांगतो, कारण या आजारातला सगळ्यात नीट उलगडलेला भाग तोच आहे.

नाकाच्या छताला, आत वरच्या बाजूला, एक लहानसं अस्तर असतं. त्यात वास ओळखणाऱ्या चेतापेशी असतात आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या, पोसणाऱ्या आधारपेशी असतात. कोरोनाच्या विषाणूला पेशीत शिरायला एसीई-२ नावाचं दार लागतं. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं की विषाणू वासाच्या नसांतच शिरतो. २०२० मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी तपासलं तेव्हा दिसलं की ते दार चेतापेशींवर नसून आधारपेशींवर आहे. म्हणजे विषाणू आधारपेशींवर पडतो, त्या कोसळतात, आणि त्यांच्या भरवशावर असलेल्या चेतापेशी कामातून जातात. सर्दीत नाक चोंदून वास जातो तसं हे नाही, म्हणून तर कोरोनात नाक मोकळं असूनही वास जायचा. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं १३ जून २०२० ला वास आणि चव जाणं हे लक्षण अधिकृत यादीत घातलं.

आता चांगली बातमी. शरीरातल्या बहुतेक चेतापेशी मेल्या की परत येत नाहीत, पण वासाच्या चेतापेशी जन्मभर नव्यानं तयार होत राहतात. अस्तराच्या तळाशी मूळपेशी असतात, त्यांच्यातून. म्हणून बहुतेकांचा वास परत आला. जगभरचे अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये काढलेला अंदाज असा, की ३० दिवसांत सुमारे ७४ टक्के आणि १८० दिवसांत सुमारे ९६ टक्के लोकांना वास परत येतो. पण जगात कोट्यवधींचा वास गेला होता. त्यातले उरलेले चार टक्के म्हणजे किती माणसं, हिशोब करा.

तुम्हाला सडका वास का आला, तेही याच दुरुस्तीत आहे. माणसाच्या नाकात वास पकडणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात. नव्या चेतापेशीचा तंतू चाळणीसारख्या हाडाच्या भोकातून वर मेंदूत जातो आणि त्यानं आपल्या ठरलेल्या जागीच जोडलं जायचं असतं. दुरुस्ती अर्धवट असताना काही ग्राहक कामाला लागलेले असतात, काही नसतात, काही जोडण्या चुकतात. मग मेंदूला लसणाचा अर्धाच निरोप पोचतो, आणि तो अर्धा निरोप घाणीचा असतो. कॉफी, कांदा, लसूण, भाजलेलं-तळलेलं, यांनीच हा त्रास सगळ्यात जास्त होतो. भाजताना तयार होणारे गंधकयुक्त रेणू इतके तीव्र असतात की अगदी कणभर असले तरी नाक ते पकडतं, आणि नेमके तेच वेडेवाकडे पोचतात. तुमचा धंदाच भाजणं आणि लसूण. तुम्हाला किती झालं असेल, कल्पना करवत नाही.

मागवाला_अशोकचौक

डॉक्टर, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या जकार्डच्या दोऱ्या चुकीच्या हुकाला बांधल्यासारखं झालं की. कार्ड बरोबर, सूत बरोबर, पण चादरीवर मोराच्या जागी भलतंच उठतं.

कंबरतलाव

अगदी तसंच. आता पेशंटला हेच सांगेन.

चटणीवाली_वैजू

मला एक विचारायचंय. वास पूर्ण गेला होता तेव्हाही चटणी जिभेवर ठेवली की तिखट लागायची. खमंगपणा नाही, लसूण नाही, नुसतं मीठ आणि आग. मग चव होती की नव्हती?

कंबरतलाव

जिभेला फक्त खारट, गोड, आंबट, कडू आणि एक रसरशीत अशी चव कळते, ज्याला उमामी म्हणतात. बाकी आपण ज्याला 'चव' म्हणतो ते बहुतेक सगळं घशामागून नाकात वर जाणारा वास असतो. आणि तिखट ही चवच नव्हे. मिरचीची आग, पेपरमिंटचा गारवा, सोड्याचा झणका हे चेहऱ्याच्या पाचव्या मज्जातंतूचं काम. ती नस तुमची शाबूत होती. म्हणून मीठ आणि आग राहिली, चटणी गेली.

एक महत्त्वाचं, ज्यांना अजून वास नाही त्या सगळ्यांसाठी. घरगुती गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. तुम्हाला तो कळणार नाही. गॅस गळती ओळखणारं लहान यंत्र बसवा, रात्री रेग्युलेटर बंद करा, आणि उरलेलं अन्न दुसऱ्या कुणाला हुंगायला द्या.

हजेरीबुक

मी शिक्षिका आहे, प्राथमिक शाळेत. माझं नाक ठीक आहे, पण डोकं गेलं असं वाटायचं. २०२२ च्या जानेवारीत झाला, घरीच बरी झाले. शाळा सुरू झाली आणि चौथीच्या वर्गात हजेरी घेताना पोरांची नावं वाचता येत होती, पण मान वर केली की कुठलं नाव कुठल्या चेहऱ्याचं ते सुटायचं. दोन वर्षं शिकवलेली पोरं. एकदा फळ्यावर सतरा साते लिहायला खडू उचलला आणि तसाच हात वर धरून उभी राहिले. एका पोरीनं मागून हळूच "एकशे एकोणीस, बाई" म्हटलं. मी स्टाफरूममध्ये जाऊन रडले. वय बेचाळीस होतं. मला वाटलं आईसारखा विसरण्याचा आजार आत्ताच सुरू झाला.

कंबरतलाव

बाई, याला सगळीकडे 'ब्रेन फॉग' म्हणतात, डोक्यात धुकं. हे स्मृतिभ्रंश नव्हे. तो आजार हळूहळू वाढत जातो. धुकं मात्र कमी-जास्त होतं आणि बहुतेकांचं काळाबरोबर उतरतं. पण ते खरं आहे, मोजता येतं. ब्रिटनमध्ये १ लाख १२ हजार ९६४ लोकांनी दिलेल्या स्मरण आणि विचारशक्तीच्या चाचण्यांचा निकाल २०२४ मध्ये आला. ज्यांचा कोरोना साधा होता आणि लक्षणं पूर्ण गेली, त्यांचा बुद्ध्यांकाच्या हिशोबात ३ गुणांइतका फरक. ज्यांची लक्षणं राहिली त्यांचा सुमारे ६. आयसीयूत राहिलेल्यांचा सुमारे ९. तीन गुण रोजच्या जगण्यात कुणाला जाणवणार नाहीत. सहा जाणवतात, विशेषतः ज्याचं काम डोक्याचं आहे त्याला.

का होतं? इथे 'विषाणू मेंदूत घुसला' हे चित्र मनातून काढायला हवं. बहुतेकांच्या बाबतीत घुसतच नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत उंदरांवर प्रयोग झाला. संसर्ग फक्त श्वसनमार्गात, मेंदूत विषाणू नाही. तरीही मेंदूतल्या पहारेकरी पेशी, ज्यांना मायक्रोग्लिया म्हणतात, त्या आठवडेच्या आठवडे चिडलेल्या राहिल्या. त्यांच्या चिडण्यानं तंतूंवरचं वेष्टण बनवणाऱ्या पेशी कमी झाल्या आणि स्मरणाशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी बनणं मंदावलं. म्हणजे भांडण छातीत झालं आणि बंदोबस्त डोक्यात लागला, तो उठलाच नाही. दुसरं, डब्लिनच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं की धुकं असलेल्या रुग्णांत रक्त आणि मेंदू यांच्यामधली गाळणी पाझरते. हे विशेष पद्धतीच्या एमआरआयमध्ये दिसतं, आपल्याकडे नेहमी काढतात त्या एमआरआयमध्ये दिसत नाही. अशा रुग्णांचे रिपोर्ट नॉर्मल येण्याचं हे एक कारण.

आणि ऑक्सफर्डचं एक काम सांगतो. त्यांच्याकडे ७८५ लोकांचे मेंदूचे स्कॅन आधीपासून होते. मधल्या काळात त्यातल्या ४०१ जणांना कोरोना झाला, मग सगळ्यांचे परत स्कॅन केले. आजारी पडलेल्यांत वासाशी जोडलेल्या भागांत करडा पदार्थ, म्हणजे चेतापेशींचा थर, थोडा जास्त घटला होता, ०.२ ते २ टक्के. लोक ५१ ते ८१ वयाचे होते. 'कोरोनानं मेंदू आकसतो' अशी बातमी तेव्हा व्हॉट्सअपवर फिरली, ती मला आवडली नाही. फरक बारीक होता, आणि वासाचं येणं बंद झालं की त्या भागाचं काम कमी होतं, हेही त्यामागे असू शकतं.

हजेरीबुक

डॉक्टर, हे तीन वर्षांपूर्वी वाचलं असतं तर किती रात्री झोपले असते.

मला कशानं फरक पडला तेही लिहिते. आधी मी जिद्दीनं जास्त काम करायचे. रविवारी घर आवरून, पेपर तपासून पाडायचे आणि सोमवार-मंगळवार अंथरुणात जायचे. मग कळलं की श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोसळणं हे या आजाराचंच लक्षण आहे, आळस नव्हे. काम तुकड्यात करायला लागले. वीस मिनिटं तपासणी, मग डोळे मिटून दहा मिनिटं. हजेरीच्या वहीत प्रत्येक नावापुढे एक खूण लिहिली, दोन वेण्या, चष्मा, पुढचा दात पडलेला. सहा-सात महिन्यांत खुणा बघायची गरज कमी झाली. आज पाढे येतात.

जुळे_सोलापूर_९

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे सगळं कोरोनानं नाही, लसीनं झालंय. सगळ्यांना लस दिल्यानंतरच हे वाढलं.

चटणीवाली_वैजू

दादा, राग नाही. पण माझा वास गेला तेव्हा मला लस मिळालीच नव्हती. मी तेव्हा एकोणचाळीसची, आणि ४५ च्या आतल्यांना लस १ मे २०२१ पासून सुरू झाली.

कंबरतलाव

वास जाणं २०२० च्या वसंतातच जगभर नोंदलं गेलं, तेव्हा लस अस्तित्वात नव्हती. पण दादांचा प्रश्न झटकून टाकायचा नाही. काही लशींनंतर अतिशय क्वचित गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हा नसांचा आजार झालेला आहे. कोविशील्ड ज्या सूत्रावर बनली त्या लशीच्या माहितीपत्रकात युरोपच्या औषध नियामकानं सप्टेंबर २०२१ मध्ये ते अतिदुर्मीळ दुष्परिणाम म्हणून घातलं. लपवलं नाही, लिहिलं. ज्याला लसीनंतर झालं त्याचं दुःख खरंच आहे. मात्र नसांचे बाकीचे त्रास, म्हणजे पक्षाघात, वास, धुकं, यांत संसर्गाचा धोका फार मोठा आहे. मुख्यतः अमेरिकेतल्या २,३६,३७९ कोरोना रुग्णांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा सहा महिन्यांत सुमारे ३४ टक्के लोकांना मेंदूचं, नसांचं किंवा मनाचं काही ना काही निदान झालं होतं, आणि सुमारे १३ टक्क्यांना ते आयुष्यात पहिल्यांदा. यात चिंता आणि नैराश्य धरलेलं आहे, हे लक्षात ठेवून आकडा वाचावा.

मुळेगावचा_राम

जीबीएसचं नाव निघालं म्हणून लिहितो. माझ्या धाकट्या भावाला सप्टेंबर २०२० मध्ये झालं, लस यायच्या आधी. ताप उतरून दोन आठवडे झाले होते. पहिली खूण अशी की चालताना पायातली चप्पल गळून पडायची आणि त्याला कळायचंच नाही. आम्ही म्हटलं, अशक्तपणा. दुसऱ्या दिवशी जिना चढवेना. तिसऱ्या दिवशी जमिनीवर बसला तो उठवेना, हात टेकून उठायला गेला तर हातातही दम नाही. तेव्हा गाडीत घातला.

तिथे एका डॉक्टरीण बाईंनी गुडघ्यावर लहान हातोडी मारली, पाय हललाच नाही. त्यांनी तिथल्या तिथे नाव सांगितलं. पाच दिवस सलाईनमधून इम्युनोग्लोब्युलिन दिलं. आईच्या पाटल्या मोडल्या, पण भाऊ व्हेंटिलेटरवर गेला नाही. आज तो शेतात चालतो, डावा पाऊल किंचित ओढतो. आणखी एक दिवस जरी 'अशक्तपणा आहे, ग्लुकोज पाज' म्हणत घालवला असता तर काय झालं असतं, ते मी मनात आणत नाही.

कंबरतलाव

रामभाऊ, तुमची चप्पलेची खूण प्रत्येकानं लक्षात ठेवावी अशी आहे. जीबीएसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा संसर्गाशी लढता लढता चुकून स्वतःच्याच नसांवर, बहुधा त्यांच्या वेष्टणावर, तुटून पडते. कमजोरी बहुतेक वेळा पायांतून सुरू होऊन वर चढते, आणि श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचली तर जीवावर बेततं. म्हणून दवाखान्यात नुसतं बसवून न ठेवता श्वासाची ताकद परत परत मोजतात. इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलणं, हे दोन्ही उपाय चालतात आणि लवकर दिले तर जास्त चालतात.

जीबीएसचं कारण नेहमी कोरोनाच असतं असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रोड भागात जी साथ आली तिच्यामागे मुख्यतः कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू होता, दूषित पाण्यातून आलेला. कारण काही असो, चढती कमजोरी दिसली की त्याच दिवशी दवाखाना.

मागवाला_अशोकचौक

माझ्या वडिलांचं वेगळंच झालं. आण्णांनी तीस वर्षं माग चालवला. दुसऱ्या लाटेत अकरा दिवस आयसीयूत होते. ऑक्सिजन चढावा म्हणून रोज कितीतरी तास पालथं झोपवायचे. वाचले, ते त्यामुळंच वाचले असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर बघतो तर उजवा हात मनगटातून लोंबतोय. तुटलेल्या ताराला, म्हणजे सुताच्या धाग्याला, गाठ मारायला अंगठा आणि दोन बोटं लागतात बगा. ती जुळेचनात. कारखान्यात नेलं, सगळे माग धडधडालेत, आण्णा तारासमोर उभे, आणि बोटं हलेनात. शेजारच्या कामगारानं न बोलता गाठ मारून दिली. आण्णांनी मान खाली घातली. मी ते विसरणार नाही.

हे विषाणूनं झालं की झोपवण्यानं?

कंबरतलाव

दोन्ही शक्यता असतात. पालथं झोपवलं की खांदा, काख आणि कोपराजवळून जाणाऱ्या नसा दबू शकतात, तशी नोंद कोरोनाच्या काळात अनेक ठिकाणी झाली. शिवाय गंभीर आजारात दिवसेंदिवस आयसीयूत पडून राहिलेल्यांच्या नसा आणि स्नायू आपोआप कमजोर होतात, तो प्रकार कोरोनाआधीपासून माहीत आहे. एनसीएस केली का? नसांतून विजेचा झटका देऊन वेग मोजतात ती. कुठे दबली ते तिच्यात कळतं.

मागवाला_अशोकचौक

केली. कोपराच्या वर दंडात दबली होती. फिजिओथेरपीला आठ महिने नेलं. रोज मनगटाला पट्टी, आणि बोटांचा व्यायाम म्हणून मी त्यांच्यासमोर सुताचा गुंडा ठेवायचो, गाठी मारा म्हणायचो. पहिल्या महिन्यात एकही नाही. चौथ्या महिन्यात एक सैल गाठ बसली. आईनं ती तुळशीजवळ ठेवली. आता माग नाही चालवत, पण कांड्या भरालेत.

पद्मा_अक्का

आमच्या अम्मानं चाळीस वर्षं बिड्या वळल्या. रोजच्या हजार. कोरोनानंतर तिला हातापायांना मुंग्या यायला लागल्या, रात्री तळवे पेटल्यासारखे व्हायचे, पान कापताना कात्री हातातून निसटायची. वस्तीत सगळे म्हणायचे, कोरोनाच्या नसा. मीही दोन वर्षं तेच धरून बसले आणि काही केलं नाही, कारण 'त्यावर औषध नाही' असं ऐकलं होतं.

शेवटी सिव्हिलला रक्त तपासलं. साखर वाढलेली. बी-१२ फारच कमी. आणि हाताच्या मुंग्या मनगटातली नस दबल्यामुळे, वर्षानुवर्षं तीच हालचाल करून. तिन्हीवर उपाय होता. बी-१२ ची इंजेक्शनं घेतली, पायाची आग दोन-तीन महिन्यांत उतरली. दोन वर्षं तिनं उगाच सोसली, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून सांगते, कोरोनाला नाव देऊन गप्प बसू नका.

कंबरतलाव

पद्माअक्कांचा प्रतिसाद मला या धाग्यात सगळ्यात मोलाचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये लाँग कोविडची, म्हणजे कोरोनानंतर महिनोन्महिने राहणाऱ्या त्रासाची, जी व्याख्या केली तिच्यातच आहे की लक्षणांना दुसरं कारण नसावं. म्हणजे आधी दुसरी कारणं शोधलीच पाहिजेत. मुंग्या असतील तर साखर, बी-१२, थायरॉइड. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी-१२ घसरतं. शाकाहारी घरांत तर मुळातच कमी असतं. विसरायला होत असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप, आणि हो, मनाची अवस्थाही. नैराश्यही मेंदूतच होतं, ते निघालं म्हणून आजार खोटा ठरत नाही.

सातरस्ता

मी इंजिनिअरिंगला आहे. उभं राहिलं की धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. ईसीजी, इको नॉर्मल. घरचे म्हणतात परीक्षेची भीती. एप्रिल-मेमध्ये, पारा त्रेचाळीसवर गेला की बसस्टॉपवर उभंच राहता येत नाही.

कंबरतलाव

दहा मिनिटं शांत पडून नाडी मोज. मग उभा राहा आणि दहा मिनिटं दर मिनिटाला मोज, शेजारी कुणीतरी असू दे. बीपी पडत नसताना नाडी ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहत असेल (तुझं वय एकोणिसाच्या आत असेल तर ४०) आणि हे महिनोन्महिने चालू असेल, तर पॉट्स असू शकतं. आपोआप चालणारी कामं बघणाऱ्या नसांचा तो बिघाड. पडून काढलेला ईसीजी त्यात नॉर्मलच येणार, कारण त्रास उभं राहिल्यावर आहे. मोजलेले आकडे कागदावर लिहून डॉक्टरांकडे ने. पाणी, मीठ, पोटऱ्यांचे घट्ट मोजे, आडवं पडून करायचे व्यायाम यांनी बराच फरक पडतो, पण मीठ वाढवायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

होटगीरोड_सर

मी प्राणिशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. थोडं मागचं सांगतो. कोरोनाविषाणू आणि नसा यांचं नातं २०२० मध्ये उघड झालं असं अनेकांना वाटतं, तसं नाही. उंदरांच्या एका कोरोनाविषाणूनं मेंदू-मज्जारज्जूतल्या तंतूंचं वेष्टण झडतं, हे १९४९ पासून माहीत आहे. मल्टिपल स्क्लेरोसिससारखे आजार समजून घ्यायला शास्त्रज्ञांनी दशकानुदशकं तेच उंदीर वापरले. माणसांतले कोरोनाविषाणू १९६० च्या दशकात सापडले, आणि जून अल्मेडा या बाईंनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचं मुकुटासारखं रूप पाहिलं. त्यांचं कॉलेजशिक्षण झालेलं नव्हतं, हे मी मुलांना मुद्दाम सांगायचो.

आणि एक आपल्या गावचं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. १९३८ मध्ये चीनला गेले, रणांगणावर शस्त्रक्रिया केल्या, आणि ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी गेले, वय अवघं बत्तीस. ज्या गावानं असा डॉक्टर दिला, तिथे आजही फिट येणाऱ्या मुलीचं स्थळ मोडेल म्हणून आजार लपवतात. कोरोनाच्या तीव्र आजारात काहींना फिट आली, त्यातल्या दोन घरांनी ती गोष्ट डॉक्टरांपासूनही लपवलेली मला माहीत आहे. नसांचा आजार म्हणजे घराण्याला डाग, हे आपण कधी सोडणार?

मुळेगावचा_राम

सर, शंभर टक्के. आणि काळ्या बुरशीचं काय? आमच्या भावकीत एकाचा डोळा गेला.

कंबरतलाव

ती बुरशी, विषाणू नव्हे. वाढलेली साखर आणि जास्त दिवस दिलेलं स्टेरॉइड यांनी तिला वाट मिळाली, नाकातून डोळ्याकडे आणि तिथून मेंदूकडे. गालाला बधिरपणा, एका बाजूला डोळा सुजणं, नाकातून काळपट स्राव, ही तिची लक्षणं आजही मधुमेह्यांनी लक्षात ठेवावीत. त्यावर वेगळा धागा काढू.

माढेकर

वैजूताई, मी नवीन सभासद. मला गेल्या वर्षी झाला आणि वास आजतागायत नाही. तुम्ही कशा बऱ्या झालात ते लिहिणार होता.

चटणीवाली_वैजू

लिहिते. एका कान-नाक-घशाच्या बाईंनी मला वासाचा व्यायाम सांगितला. तो २००९ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी तपासून मांडला होता, कोरोनाच्या कितीतरी आधी. चार वास: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळी आणि रात्री, एकेक वास सुमारे दहा ते वीस सेकंद. किमान बारा आठवडे, पुढेही चालू ठेवला तर बरं. जोरात हुंगायचं नाही, हलकं हलकं, आणि मनात तो वास आठवत. लवंग हुंगताना मी सासूबाईंच्या मसाल्याच्या डब्याचा विचार करायचे.

मी औषधाच्या रिकाम्या चार बाटल्या उकळून घेतल्या. कापसावर गुलाबाचं अत्तर, निलगिरीचं तेल, एकीत लिंबाची साल रोज ताजी, एकीत कुटलेली लवंग. वही केली. पहिले एकोणतीस दिवस चारी रकान्यांत शून्य. तिसाव्या दिवशी निलगिरीपुढे 'गार?' असं लिहिलंय, प्रश्नचिन्ह घालून. आता डॉक्टरांकडून कळलं की तो वास नव्हता, पाचव्या नसेचा गारवा होता. पण तेव्हा मला तेवढाही आधार वाटला. लवंग अडुसष्टाव्या दिवशी आली. लसूण दीड वर्षानं. कॉफी अजून बरोबर नाही, बहुतेक होणारही नाही.

तोपर्यंत धंदा बंद नाही ठेवला. मुलगी तेव्हा आठवीत. ती स्टुलावर बसायची आणि वास बदलला की "आई, आता" म्हणायची. मी तेव्हा रंगाकडे आणि आवाजाकडे बघायला शिकले. दाणे तडतडायचे थांबले आणि साल बोटानं चोळून सुटलं की उतरवायचं. आज नाक आहे, तरी साल चोळून बघतेच.

कंबरतलाव

या व्यायामानं सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण धोका नाही आणि खर्च जवळजवळ नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये वास न परतलेल्यांच्या नाकातल्या अस्तराचे नमुने तपासले तेव्हा विषाणू गेलेला होता, पण संरक्षण पेशी तिथेच ठाण मांडून होत्या आणि चेतापेशी कमी झालेल्या होत्या. त्यामुळे उशिरा का होईना, सुरू करण्यात अर्थ आहे. आधी एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, नाकात मांसाचा कोंब (पॉलिप) किंवा जुनी सायनसची सूज नाही ना ते बघून घ्या.

माढेकर

पुढच्या आठवड्यात दाखवतो. बाटल्या आजच केल्या. गुलाब शून्य. लवंग शून्य. निलगिरी गार. लिंबाची साल बोटात मोडली तेव्हा काहीतरी आलं, काय ते सांगता येत नाही, पण आलं.

चटणीवाली_वैजू

वहीत तारीख घाला, आणि तुम्ही इथे लिहिलंत तेच शब्द तसेच लिहा. रोज रात्री इथे टाकत जा, मी वाचेन.